गळक्या छागलीचं गार पाणी

मी एक जुनी छागल आहे, आणि गळकीही आहे. लोक हा शब्द शिवीसारखा फेकतात, म्हणून तो मीच आधी सांगून टाकते.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. जाडजूड किंतानी कापडाची पाण्याची पिशवी, एका कोपऱ्यात तोंड, त्याला लाकडी बूच आणि अडकवायला दोरी, एवढाच माझा थाट. हिंगोलीच्या बाजारात एका शिंप्यानं मला दुहेरी टीप घालून शिवलं. नरसीच्या संतरामनं मला विकत घेतलं. त्याची बायको पंचफुलाबाई हिनं मला दोन दिवस हौदात बुडवून ठेवलं. कोरी छागल अशी भिजवावीच लागते. धागा फुगला की मगच ती पाणी धरते. तरीही थेंब थेंब झिरपतेच. अंग ओलं राहतं, त्याला वारा लागतो, आणि म्हणून आतलं पाणी गार होतं. माझ्या जातीला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. मी गाडीच्या दांडीला झुलले, सायकलीच्या नळीला आपटले. हळद काढायला आलेल्या बाया माझं पाणी पिऊन म्हणायच्या, "पंचफुलाबाई, तुमच्या बोलण्यापरीस तुमचं पाणी लई गार हाय." पंचफुलाबाई हसायची नाही, पण दुसऱ्या दिवशी मला काठोकाठ भरायची.

पुढं संतराम गेला, घरात फ्रिज आला, बाटल्या आल्या. मी खुंटीला गेले. माझ्या पोटात कुणी सुतळी कोंबली, कुणी लसणाच्या माळा. कोरडेपणासारखी बेचैनी नाही, मित्रांनो. वारा यायचा, मी हलायचे, आणि पोटातून लसणाची टरफलं खुळखुळायची.

मग गेल्या चैत्रात पंचफुलाबाईचा धाकटा भाऊ नामाजी आला. सदुसष्ट वर्षांचा, काटकुळा.

"आक्का, मी लातूरपतोर चालत जाऊन राहिलो."

"काहून? एस.टी. बंद पडली का?"

नामाजीची नात पुनम नऊ वर्षांची. तिच्या अंगात रक्त टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. उन्हाळ्यात रक्त देणारे कमी होतात. आदल्या वर्षी ते पोरगं लातूरच्या दवाखान्यात दोन दिवस पलंगावर वाट बघत पडलं होतं. म्हणून नामाजी गावोगाव चालत, रक्त देणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेणार होता, पुनमसाठी आणि तिच्यासारख्या लेकरांसाठी.

"वय झालं म्हणून माझं रक्त घेत न्हाईत, आक्का. पाय तर घेतील?"

पंचफुलाबाईनं त्याला दिवसभर झाडलं. म्हातारचळ म्हणाली, उन्हात वाळून पापड होशील म्हणाली. शेवटी विचारलं, "पाणी कोण देईल तुला? तुझा बाप?" आणि मला खुंटीवरून ओढून हौदात बुडवलं.

तिचा बेत असा होता. पंच्याहत्तरी उलटली असल्यानं तिला एस.टी.त तिकीट लागत नव्हतं. नामाजी चालायचा, ती बसनं पुढच्या फाट्यावर उतरायची आणि मला घेऊन झाडाखाली थांबायची. थांबायची कसली, येरझारा घालायची. चुलीवर दूध ठेवलेल्या बाईसारखी रस्त्याकडं बघायची. तो दिसला की मात्र म्हणायची, "आलास? मला वाटलं, वाटेत लग्न जमवलंस."

चौथ्या दिवशी औंढ्याहून बस भरली होती. माझे थेंब एका बाईच्या पिठाच्या पिशवीवर पडले. वाहकाचं नाव हिरासिंग. तो ओरडला, "आजी, ती पिशवी गळून राहिली! फेका की भंगारात."

सगळी बस हसली. पंचफुलाबाईनं मला पदराखाली ओढलं. जवळा बाजारला उतरल्यावर तिनं खताच्या दुकानातून प्लॅस्टिकचं रिकामं पोतं मागून घेतलं आणि माझ्याभोवती गच्च आवळलं. छागलीला गुंडाळायचं नसतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण मानी बाईला उन्हापेक्षा शब्द जास्त पोळतो.

दुसऱ्या दिवशी मी एक थेंब गाळला नाही. आत मात्र पाणी तापत होतं. मला ओरडता आलं असतं तर!

भर दुपारी नामाजी फाट्यावर आला. ओठ पांढरे पडले होते. त्यानं घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"कढत हाय, आक्का." तो निंबाखाली आडवा झाला. "बस झालं. माघारी जाऊ. माझ्यानं होत न्हाई."

पंचफुलाबाईनं दातांनी सुतळी तोडली. प्लॅस्टिक फाडून भिरकावलं. "आग लागो माझ्या ताठ्याला!" टपरीवरून तांब्याभर पाणी आणून माझ्या अंगावर ओतलं आणि मला वाऱ्याच्या फांदीला टांगलं. पदर भिजवून तिनं भावाच्या कपाळावर ठेवला. मग पुन्हा येरझारा. मी जीव तोडून गळत होते, मित्रांनो. झाडाखालची माती काळी झाली. वारा फिरला. पोटातलं पाणी हळूहळू निवलं.

तिनं त्याला घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं तो उठून बसला. "आक्का," तो म्हणाला, "परभणी किती राहिली?"

"ऊन उतरू दे आधी. मग ईचार."

ऊन उतरल्यावर तो चालू लागला आणि तिनं बसला हात केला. दारात पुन्हा हिरासिंगच.

"आजी, परत तीच गळकी?"

"व्हय, तीच." ती पायरीवरूनच कडाडली. "गळती म्हणून गार हाय. तू बी जरा गळ की, लेकरा. बाटलीभर रक्तानं आटणार हाईस का?" आणि नामाजीनं बसमधल्या लोकांसाठी तिच्याकडं दिलेली दुसरी वही तिनं त्याच्या छातीवर टेकवली.

या वेळी बस हसली ती हिरासिंगला. त्यानं मला खिडकीबाहेर गजाला बांधलं आणि पुढच्या थांब्यावर माझं पाणी प्यायला. मग कानामागचा पेन काढून वहीत नाव लिहिलं. मागच्या बाकावरच्या दोघांनीही लिहिलं.

नामाजी लातूरला पोचला. त्या उन्हाळ्यात पुनमला पलंगावर वाट बघावी लागली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण खुंटीला वाळत असेल, तर तिला भिजवा, वाऱ्याला टांगा. ती गळेल, गळू द्या. आणि मोठे व्हाल तेव्हा कुणी वही पुढं केली, तर नाव लिहा. बाकी काय सांगू? चैत्र जवळ आलाय, हौदाकडं पावलं वाजतायत, आणि मी खुंटीवर आत्तापासूनच झुलून राहिले आहे.