पाळकीणबाई घर सोपवतात

“गाडी इथेच लावू का, काकू?” चर्चच्या विभागीय कचेरीच्या सेक्रेटरीने काच खाली करून विचारलं.

हातातला ओला फडका तसाच धरून पाळकीणबाई गाडीच्या मागच्या सीटकडे बघत होत्या. तिथे एक कोट, एक बॅग आणि पाण्याची बाटली होती. माणूस कुणी नव्हतं. त्यांनी पलीकडच्या बाजूनेही वाकून पाहिलं, एखादं अख्खं कुटुंब सीटखाली दडून बसलेलं असावं तसं.

“एकटाच आलास?”

“एकटाच. का, आणखी कुणी येणार होतं?”

“लाव तिथेच,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत भिंती रिकाम्या होत्या. खोकी दोरीने बांधून दाराशी रचलेली होती. स्वयंपाकघर इतकं घासलेलं, की पाय ठेवायलाही संकोच वाटावा. शेगडीवर सहा-सात माणसांना पुरेल एवढं मोठं पातेलं होतं.

“हे काय? निघालात कुठे?”

“तू फोनवर म्हणालास, जागेबद्दल बोलायला येतोय. मला वाटलं, नवा पाळक घेऊन येतोयस.”

सेक्रेटरीने कोट खुर्चीवर टाकला आणि पुन्हा उचलून नीट अडकवला. काय बोलावं हे सुचेपर्यंत त्याला काहीतरी करायला हवं होतं.

बाईंची समजूत तशी वेडगळ नव्हती. अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात पाळकाच्या, म्हणजे पास्टरच्या, बायकोचं बिऱ्हाड कायम पाठीवर असतं. चार-पाच वर्षं झाली की कचेरीतून बदली येते. पुरुष पुरुषाला किल्ल्या देतो, हिशेब देतो, सह्या होतात आणि फोटोही निघतो. खरी सोपवणी मात्र स्वयंपाकघरात होते. जुनी पाळकीण नवीसाठी जेवण करून ठेवते आणि भाजी निवडता निवडता तिला सगळं सांगते. कोणता नळ गळतो, कोणती खिडकी पावसात उघडायची नाही, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणाकडे आधी जायचं आणि कुणाकडे गेल्यावर मुलाचा विषय काढायचा नाही. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, आणि त्यामुळेच ते आजवर कधी चुकलं नाही. बाईंनी अशी घरं घेतली होती आणि दिलीही होती. आता हे शेवटचं द्यायचं राहिलं होतं.

पाळकसाहेबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. अंत्यविधीला खुर्च्या बाईंनीच मांडल्या, कारण खुर्च्या नेहमी त्याच मांडत. पुढच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या उपासनेला, उपदेश करायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी नवऱ्याचा एक जुना उपदेश वाचून दाखवला. मग दुसरा. ते संपले तेव्हा स्वतःचं बोलू लागल्या. व्यासपीठावर त्या कधी चढल्या नाहीत. कुणी मनाई केली नव्हती, पण पाय वळत नसे. खाली, पहिल्या बाकाशेजारी उभं राहून बोलत. आजाऱ्यांना भेटणं, भांडणं सोडवणं, शब्बाथ शाळा, घरोघरची प्रार्थना, सगळं एकेक करून त्यांच्या गळ्यात येऊन पडलं.

मंडळीत कुणाचं माणूस गेलं की पाळक भेटायला जातो, मुकाट्याने तासभर बसतो. बाईंकडे कुणी आलं नव्हतं. येणार कोण? भेटायला जायचं काम त्यांच्याकडेच होतं. वर्षभरात त्या एकदाही रडल्या नाहीत, आणि आता तर रडू येण्याची जागाच बुजल्यासारखी झाली होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी यावं, घर ताब्यात घ्यावं, आणि मग आपण नुसती नवरा गेलेली एक बाई व्हावं.

“सूर्य मावळायच्या आत बोलून घेऊ,” सेक्रेटरी म्हणाला.

शुक्रवारी सूर्य मावळला की या लोकांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी मावळेपर्यंत. त्या वेळात कचेरीचं काम काढायचं नाही. बाईंनी त्याच्यापुढे गरम पाणी आणि लिंबू ठेवलं. या पंथात चहा वर्ज्य, त्यामुळे या घरात तो कधीच झाला नव्हता. शिकाऊ म्हणून सेक्रेटरी पाळकसाहेबांच्या हाताखाली याच टेबलावर दोन वर्षं जेवला होता. तेव्हा तो काटकुळा होता आणि उपदेश करताना त्याचे गुडघे लटपटायचे. आता तो सुटला होता आणि गुडघे थाऱ्यावर होते.

“काकू, सगळीकडे फिरून अभ्यास केलाय आम्ही,” तो म्हणाला. “पाळक किती, कुठे, वय काय. चित्र बरं नाही. निम्म्याहून जास्त पाळक निवृत्तीला टेकलेत. पोरं यायला तयार नाहीत. एकेकाच्या गळ्यात सात-सात, आठ-आठ मंडळ्या. एकजण तर दर शब्बाथला गाडीतच जेवतो.”

“आणि पाळकिणींचं वय?”

“काय?”

“पाळकांचं मोजलंत, तसं त्यांच्या बायकांचं वय किती निघालं?”

सेक्रेटरी हसला. बाई हसत नाहीत हे बघून थांबला. “त्यांची पदं नसतात ना काकू. त्या मोजणीत येत नाहीत.”

“बरं. पुढे बोल.”

“तर असं आहे, की जिथे पाळकाशिवाय घडी मोडली, तिथे आधी माणूस द्यायचा. काही ठिकाणी कुलूप लागायची वेळ आलीय. इथलं बघितलं तर उपस्थिती वाढलीय. एक तक्रार नाही. सगळ्या विभागात अशी मंडळी नाही दुसरी.” तो पुढे झुकला. आता सांगायचं होतं ते चांगलंच आहे, अशी त्याची खात्री होती. “म्हणून इथली जागा रद्द करून शहरात दिली. तुम्ही होतात म्हणून ते जमलं, काकू. समितीत सगळ्यांनी तुमचं नाव काढलं.”

बाई शेगडीपाशी गेल्या आणि पातेल्याचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं.

“म्हणजे कुणी येणार नाही.”

“तुम्ही आहात की. घर तुमच्याकडेच राहील, आयुष्यभर. भाडंबिडं काही नाही. बाप्तिस्म्याला आणि प्रभुभोजनाला अधूनमधून मी येत जाईन. उद्या मंडळीला तुम्हीच सांगा, म्हणजे लोकांना बरं वाटेल.”

“तू सांग,” बाई म्हणाल्या. “चल, जेवून घे. पुष्कळ झालंय.”

त्याने पोटभर जेवून मागून वाढून घेतलं. बाईंना राग यायला हवा होता. त्यांनी वाटही पाहिली थोडी. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढावा आणि काही कळू नये, तसं झालं होतं. उरलेलं त्यांनी डब्यांत भरलं आणि झोपण्यापूर्वी बांधलेल्या एका खोक्यातून त्याच्यासाठी चादर काढून दिली.

दुसऱ्या दिवशी उपासनेच्या शेवटी सेक्रेटरीने व्यासपीठावरून सांगितलं. छान सांगितलं. वय, आकडे, परिस्थिती, देवाची इच्छा आणि शेवटी पाळकीणबाईंची सेवा. बाई पहिल्या बाकावर, स्वतःच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. मागून सगळ्यांचं एकमुखी “आमेन” आलं. इतकं खणखणीत आमेन त्या इमारतीत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर मंडळीच्या वडिलांची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांची, बायको भेटली. तिने बाईंचे दोन्ही हात धरले.

“सुटलो बाई एकदाच्या! नवं कुणी आलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. तुम्हाला सवय आहे आमची.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“आणि आमच्या सुनेकडे एकदा येऊन जा ना. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. तुम्ही आलात की धीर येतो तिला.”

“कितवा महिना?”

“सातवा.”

बाई तिथूनच गेल्या. सुनेपाशी बसल्या, तिची उशी नीट केली, प्रार्थना केली. निघताना सून म्हणाली, “तुम्ही कशा आहात?” आणि बाई सवयीने म्हणाल्या, “मी ठीक आहे गं.” रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या वर्षभरात हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हटलंय, की आता ते ऐकायला आपणही थांबत नाही.

शनिवारचा सूर्य मावळला. सेक्रेटरी बॅग भरून निघायच्या बेतात होता. बाईंनी त्याला स्वयंपाकघरात हाक मारली. टेबलावर शेंगांचा ढीग होता.

“बस. सोल.”

“काकू, मला दोन तास गाडी चालवायचीय...”

“बस म्हटलं ना. मी घर सोडतेय. शिंप्याच्या दुकानावर खोली बघून ठेवलीय, परवा सामान जाईल. घर सोपवल्याशिवाय जाता येत नाही. घ्यायला दुसरं कुणी पाठवलं नाहीस, तेव्हा तूच घे.”

“पण घर तर तुमचंच आहे! कुणी काढतंय का तुम्हाला?”

“पाळकाचं घर आहे ते. मी पाळक नाही. पाळकाची बायको होते, तेही संपलं.” बाईंनी शेंग मोडली. “पुढच्या शब्बाथपासून मी मागे बसेन. उपदेश कोण करणार, कोण कुणाकडे जाणार, ते तुम्ही बघा.”

“मग मंडळी मोडेल, काकू.”

“मोडू शकते.”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या बधतील असं त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडलं नाही. त्याने खिशातून फोन काढला.

“बरं, सांगा. टिपून घेतो.”

“फोन ठेव. हे टिपायचं नसतं. शेंगा सोलत ऐकायचं.”

सेक्रेटरीने फोन ठेवला आणि शेंग उचलली. ती त्याला नीट मोडताही येत नव्हती.

बाई सांगू लागल्या. मागच्या नळाखाली बादली लागते. झोपायच्या खोलीची खिडकी वर उचलून मग लोटायची. फाटकाजवळच्या म्हाताऱ्या बाईला ऐकू येत नाही, दार वाजवू नये, खिडकीपाशी जाऊन हात हलवावा. सुताराकडे गेलास तर तो ‘पुन्हा येऊ नका’ म्हणेल. तरी जायचं, प्रार्थना करायची नाही, नुसतं बसायचं. तिसऱ्या बाकावरचं जोडपं एकमेकांशी बोलत नाही, दोघांशी वेगवेगळं बोलायचं, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. बेकरीतल्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचाय, पण पाण्याची धास्ती आहे. बुडवतात त्या टाकीपाशी त्याचा हात आधी धर, मग उतर. वडिलांची सून झोपून आहे, तिच्याकडे आठवड्याला जा. जाताना घाईत आहोत असं दाखवू नकोस.

मध्येच सेक्रेटरी म्हणाला, “काकू, एवढं सगळं लक्षात कसं ठेवता?” बाईंनी उरलेल्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या. सोलायच्या शेंगा संपत आल्या होत्या.

“आणि एक,” बाई म्हणाल्या. “शिंप्याच्या दुकानावर एक बाई राहायला येतेय. तिचा नवरा गेलाय. वर्ष झालं, पण अजून तिच्याकडे कुणी भेटायला गेलेलं नाही.”

सेक्रेटरीचे हात थांबले.

“विचारलंस तर ती म्हणेल, मी ठीक आहे. तेवढं ऐकून दारातून परत फिरू नकोस. आत जा. तासभर बस.”

त्याने मान खाली घालून हातातली शेंग मोडली. मग त्याने विचारलं, “जिना कुठून आहे?”

“दुकानाच्या मागून,” बाई म्हणाल्या. “दिवा नाही तिथे. कठड्याला धरून ये.”