डाव्या कोपऱ्यातला पास

मी बास्केटबॉल बोलतोय. आवाज जरा फुसका वाटेल, सांभाळून घ्या. पोटात हवा थोडीच उरली आहे, ती सरायच्या आत सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. चिकट गोंदाचा वास, यंत्रांची घरघर, आणि माझ्या अंगावर चामड्याचे तुकडे अंगठ्याने दाबून बसवणारी एक बाई. तिचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे असावं, कारण एक तुकडा किंचित फुगीर राहिला. त्यामुळे मी हवेत सरळ जात नाही, थोडा वळतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर जन्मायच्या आधीची.

असल्या चेंडूला सामन्यात कोण घेणार? एका व्यावसायिक महिला संघाच्या सरावाच्या चेंडूंत जाऊन पडलो, आणि तिथेच माझं नशीब उघडलं.

चेंडूचं एक गुपित सांगतो. एका हातातून सुटून दुसऱ्या हातात पडेपर्यंतचा जो वेळ असतो ना, तेवढंच आमचं जगणं. बाकी सगळी झोप. वर गेलो की छताचे दिवे पोहू लागतात, खालचा आरडाओरडा पाण्याखालून आल्यासारखा लांबून येतो, आणि वाटतं, कोणी झेलूच नये. मग हात लागतात. माणूस मला हातांवरून कळतो.

आमच्या कोचबाईंची एक रीत होती. हंगामाआधीच्या शेवटच्या सरावाला त्या चकचकीत चेंडू बाजूला सारून मला काढायच्या आणि मुका खेळ लावायच्या. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, चेंडू जमिनीवर आपटायचा नाही. नुसते पास.

"नवा चेंडू काय, कोणीही झेलतं," त्या म्हणायच्या. "हा लबाड झेलायचा तर एकमेकींकडे लक्ष ठेवावं लागतं."

लबाड म्हणजे मी. मला त्याचा रागही येत नसे.

यंदाचा संघ कागदावर असा होता की दृष्ट लागावी. बास्केटखाली शिडी, जिला उडी मारायचीसुद्धा गरज नाही. उजव्या कोपऱ्यात मुंगी, जी वाऱ्यासारखी पळते आणि पोहोचल्यावर कशाला आलो ते विसरते. चेंडू वाटायला कर्णधार ताई, आणि नेम मारायला नवीनच आलेली धाकटी. या दोघी सख्ख्या बहिणी.

घोडं तिथेच अडलं होतं. धाकटी इतकी वर्षं दुसऱ्या संघात होती. गेल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात शेवटचा नेम तिनेच मारला, ताईच्या डोक्यावरून, आणि जिंकल्यावर ताईसमोर नाचली. तेव्हापासून अबोला. आता गणवेश एक झाला, पण ताईकडून धाकटीकडे मी जायचो तो उशिरा आणि गुडघ्याच्या उंचीवर. ताईचे हात मऊ, उबदार. त्या एका पासाला मात्र बोटं आखडायची. मला ते लागायचं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मॅडम," मदतनीस कोच म्हणाले. "ताईंचा गुडघाही कुरकुरतो हल्ली. धाकटीला ठेवू, ताईंना मोकळं करू. संध्याकाळी हंगामाच्या यादीत नावं द्यायचीत आपल्याला."

"गुडघ्याचं मी बघून घेईन," कोचबाई म्हणाल्या. "पण यांचं जमणारच नसेल तर ताईला जावं लागेल, हे खरंय. आधी मुका खेळ होऊ दे."

ताई जवळच बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने सगळं ऐकलं. या वयात दुसरा संघ तिला घेणार नव्हता. इथून गेली की थेट घरी. तिने गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. उघडच सांगतो, मला ताई हवी होती.

खेळ सुरू झाला. बुटांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. शिडीकडून मुंगीकडे, मुंगीकडून ताईकडे, मी अर्धवट झोपेत फिरत राहिलो. मग समोरच्या बाजूच्या दोघीजणी ताईच्या अंगावर धावून आल्या. वाट बंद, हाक मारायची सोय नाही. ताईने मान न वळवता मला डावीकडे भिरकावलं.

मी उडालो, आणि पुढे कोणीच नव्हतं. कोचबाईंच्या आखणीत डावा कोपरा रिकामा असतो! आता मी भिंतीवर आपटणार आणि ताई घरी जाणार. वर दिवे पोहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, अरे, झेला कोणीतरी. खोडीप्रमाणे थोडा वळलो, आणि दोन हातांत अलगद जाऊन बसलो. धाकटीचे हात. ते आधीपासूनच छातीपाशी उघडे होते.

कोचबाईंनी शिट्टी फुंकली.

"तू तिथे काय करत होतीस? ती जागा मोकळी ठेवायची ठरलंय ना?"

"माहीत नाही, मॅडम. पायच गेले."

"आणि ताई, तू न बघता कोणाला दिलास?"

ताईने डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. "लहानपणी आम्ही अंगणात खेळायचो, तिथे उजवीकडे आईच्या कुंड्या होत्या," ती म्हणाली. "कुंडी फुटली की जेवण बंद. म्हणून ही कायम डावीकडे उभी राहायची."

"फोडायची ही," धाकटी म्हणाली, "आणि जेवण बंद माझं!"

शिडी आधी हसली, मग सगळ्याच. धाकटी मला पोटाशी धरून उभी होती. "मी नाचायला नको होतं, ताई."

"नाचलीस त्याचं काही नाही गं. येत नसताना नाचलीस."

संध्याकाळी यादीत दोघींचीही नावं लागली. कोचबाईंनी मला ताईच्या हातात दिलं. "याच्यात आता हवा टिकत नाही. घरी ने याला."

आता मी त्याच अंगणात असतो. त्यांच्या आईने मला एका रिकाम्या कुंडीत ठेवलंय, "लोळत फिरू नकोस" अशी तंबी देऊन. मांजर कधी माझ्यावर पाय ठेवून झाडाकडे बघतं. स्वप्नं मात्र अजून पडतात, दिवे पोहतात. तुमच्याही पलंगाखाली एखादा बसका चेंडू असेल. हवा नाही भरलीत तरी चालेल, पण एकदा उचलून कोणाकडे तरी टाका. आम्हाला तेवढं पुरतं.

हंगाम सुरू झालाय. आत टीव्हीवर सामना चाललाय, आणि खिडकीतून आईचा आवाज येतोय, "अगं, डावीकडे बघ! डावीकडे!"

आई, कशाला ओरडतेस? ताई बघणार नाही. तिला बघावं लागत नाही.