जिथे पडले, तिथले मोजा

मी एक चौकट बोलतेय. खिडकीची नव्हे, फोटोचीही नव्हे. अर्धा-अर्धा मीटर लांबीच्या चार पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, चार कोपरे आणि भरपूर गोंद, एवढेच माझे शरीर. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला.

माझे काम सोपे. भूगोलाच्या क्षेत्रभेटीत मुले पाठमोरी उभी राहतात, मला खांद्यावरून मागे फेकतात आणि मी पडेन तिथले माझ्या आतले सगळे मोजतात. शिंपले, शेवाळ, कचरा. अशा तीस फेकी. त्यावरून किनारा कसा आहे ते ठरते, आणि त्या अहवालाला वर्षाचे गुण असतात.

नऊ वर्षांत मी मेलेल्या माशावर पडले, कुत्र्याच्या घाणीत पडले. ते धुतले की जाते. मला शिसारी येते ती त्यानंतरच्या दोन बोटांची. मी घाणीत पडले की कोणीतरी नाक मुरडते, मला चिमटीत धरून हातभर पलीकडच्या स्वच्छ वाळूवर ठेवते आणि ओरडते, "इथंच पडली, सर." मग तीन शिंपले मोजायचे आणि चिप्सची पिशवी फोडायची. दरवर्षी तक्त्यांवर आमचा किनारा स्वच्छ. ओकारी यावी इतके सुबक रंगवलेले तक्ते. भूगोल शिकवणाऱ्या हॅलम सरांना हे ठाऊक होते. फेकी चालू असताना ते दुसरीकडे तोंड करून थर्मासमधला चहा पीत.

गेल्या मार्चमध्ये मी डेस्पिना आणि कोरीच्या वाट्याला आले. डेस्पिना अबोल मुलगी. किनाऱ्याच्या वरच तिच्या आईवडिलांचा कॅरव्हॅन पार्क आहे, चाकांवरची घरे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनी सुट्टीत भरलेला.

"एकोणिसावी," असे म्हणून कोरीने मला भिरकावले. मी घरंगळत गेले आणि पार्कमधून येणाऱ्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाखाली पडले. खाली राखाडी, फुगलेले, केसांत गुंतलेले वेट वाइप्स, लोक शौचालयात टाकतात ते ओले कागदी रुमाल. वास तर विचारूच नका.

"ई, ढकल तिला काठीनं," कोरी म्हणाला. "हे कोण मोजणार?"

डेस्पिना हलली नाही.

"डेस, तुमच्याच पाहुण्यांचं आहे ते. तुझ्या बाबांना आवडेल का वहीत लिहिलेलं?"

"माहितीये मला कुणाचं आहे ते."

तिने माझी कड पकडली. किंचित उचललीही. मला हलवण्याचे खरे कारण आजवर कोणाकडे असेल तर ते तिच्याकडेच होते. झाले, आली ती दोन बोटे, असे मला वाटले. पण तिने मला होते तिथेच टेकवले, स्वेटशर्टची बाही नाकावर ओढली आणि गुडघ्यांवर बसून काटकीने एकेक वाइप सुटा करू लागली.

"लिही, कोरी. एक."

"डोकं फिरलंय तुझं."

"दोन."

मधे दोनदा ती बाजूला जाऊन ओकली. परत आली की विचारायची, "कितीवर होतो आपण?" सदतीस भरले.

सर चहा घेऊन आले. "बाळ, एखादा आकडा असा भलताच येतो. तो सोडायचा, पुन्हा फेकायची. उगाच गुण जातील."

"जिथं पडेल तिथलंच मोजायचं, असं शिकवलं होतं, सर."

"कोणी?"

"तुम्हीच, सर."

सोमवारी तिचे बाबा शाळेत आले. मला ठेवतात त्या स्टोअररूमची भिंत पातळ आहे, मला सगळे ऐकू आले. "क्षेत्रभेटीला आलात की आमचीच शौचालयं वापरायची आणि आमचीच बदनामी करायची?"

"आकडा खोड म्हणून सांगितलंय मी तिला," सर म्हणाले.

"मीही सांगितलं. ऐकतच नाही."

तिने आकडा खोडला नाही. अहवाल सदतीससकट गेला. मग शाळेने क्षेत्रभेटीची जागाच बदलली. आता मला शाळेच्या मैदानावर फेकतात. आत तिपानी गवत, फार तर एखादी मुंगी. मला कोणी हलवत नाही, कारण लपवण्याजोगे काहीच नसते. इतका वीट मला त्या नळाखालीही आला नव्हता.

परवा मोजपट्ट्या ठेवायला आलेला कोरी मित्राला सांगत होता, "डेस दर शनिवारी जाते तिथं. चार काठ्या रोवते, दोरी बांधते आणि मोजते."

"आणि तिचे बाबा?"

"वरून बघत उभे असतात. परवा खाली आले, हातमोजे ठेवले आणि परत वर गेले."

दोरीची चौकट. धड काटकोन नाही, वाऱ्याने माप ढळत असणार. तरी मला तिचा हेवा वाटतो. डेस्पिना, या खोलीची कडी खिळखिळी आहे, एका धक्क्यात निघेल. मला ने, आणि त्या घाणीत टाक.