राणीसरकारांचा खोकला

उशीवालीने सुनेच्या छातीवर उशी ठेवली, तिचे दोन्ही हात त्यावर घट्ट दाबले आणि म्हणाली, "हं, आता खोक."

सासूबाईंनी उशीवालीचं मनगटच धरलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? परवा छाती उघडून शिवलीय पोरीची. टाके उसवले तर तू भरून देणार?"

"माझे नाही उसवले, मावशी." उशीवालीने गळ्याजवळचं कापड बोटभर खाली ओढलं. मधोमध उतरत गेलेला पांढुरका व्रण दिसला. "याच हॉस्पिटलात शिवलंय."

सासूबाईंनी मनगट सोडलं. "पगार किती देतात या कामाचा?"

"एक कप चहा. तोही गार."

ही बाई पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. स्वतःचं ऑपरेशन झाल्यापासून पदरमोड करून इथे यायची आणि खाटेखाटेशी बसायची. काखेत कायम उशी, म्हणून उशीवाली. फुकट काम करणारी माणसं सासूबाईंना मुळीच खपत नसत. नसत्या चौकशा करायला येतात मेली, असं त्यांचं ठाम मत.

पण डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. छातीत कफ साचतोय, खोकून काढला नाही तर न्यूमोनिया होईल, आणि मग पुन्हा घशात नळी. सून ओठ मिटून पडली होती. उबळ आली की गिळून टाकत होती. गिळायची तिला सवयच होती. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि सासूबाई हे चारचौघांत मिरवत. आज पहिल्यांदाच त्या मिटलेल्या ओठांची त्यांना भीती वाटली.

उशीवाली स्टूल ओढून बसली. खोकल्याचं नावही काढलं नाही.

"घरी सगळ्यात जास्त कोण ओरडतं ग?"

सुनेचे डोळे सासूबाईंकडे गेले आणि परत फिरले.

"कळलं. काय म्हणतात? जसंच्या तसं सांग. मी कंडक्टर होते, बोलण्यांची पारख आहे मला."

सासूबाईंच्या जिभेवर चांगलं सणसणीत आलं होतं, या बाईला थेट जिन्यापर्यंत पोचवेल असं. उशीवालीने त्यांच्याकडे बघितलं. विनवणी नाही, हसू नाही. म्हातारं माणूस पायरी चढेपर्यंत घंटी न मारता थांबावं, तशी थांबली.

सासूबाईंनी ते गिळून टाकलं.

"सांग की," त्या सुनेला म्हणाल्या. "मी काय खाणार आहे तुला?"

"दूध उतू चाललंय..." सून कुजबुजली.

"अशी बोलते मी? मरतुकड्या आवाजात? नीट म्हण!"

सुनेने हनुवटी उचलली, एक भुवई चढवली आणि नाकातून सूर लावला. "दूध उतू चाललंय, आणि राणीसरकार खिडकीत वारा खाताहेत!"

हुबेहूब. भुवईसकट. ही नक्कल आज पहिल्यांदा होत नाहीये, हे सासूबाईंना तिथल्या तिथे कळलं. उशीवाली खो खो हसली. सुनेलाही हसू फुटलं, हसता हसता उबळ आली, आणि या खेपेला गिळता आली नाही.

"उशी! दाब घट्ट!"

सून खोकली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी खोकली. कफ पडला, तेव्हा भांडं सासूबाईंच्याच हातात होतं.

उशीवाली उशी झटकून उठली.

"उद्या येणार आहेस का?" सासूबाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

"येणार की."

"मग गार चहा पिऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सासूबाई थर्मास घेऊन आल्या. वॉर्डाच्या दाराशी नाकातला सूर कानावर आला आणि पाय थबकले. शेजारच्या खाटेवर ऑपरेशन होऊन कालच आणलेली एक शिक्षिका होती. सून तिला नक्कल करून दाखवत होती. शिक्षिका कसनुसं हसली. खोकला काही आला नाही.

"पुन्हा करते," सून म्हणाली. "पण आईंसारखं मला नाही हो जमत."

सासूबाईंनी थर्मास दाराबाहेरच्या बाकावर ठेवला. हनुवटी उचलली. भुवई चढवली. आणि चपला वाजवत आत शिरल्या.

"दूध उतू चाललंय, आणि इथे दोन-दोन राणीसरकार लोळताहेत!"

शिक्षिकेने घाईघाईने उशी छातीवर ओढून घेतली.