आडोशामागे दोन खुर्च्या

दोष सरांचा. सर म्हणजे मला बनवणाऱ्या मुलाचे वडील, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवू नये म्हणतात. मला बोटंच नाहीत, म्हणून बोलून दाखवतो.

मी पुठ्ठ्याचा आडोसा बोलतोय. जन्माने फ्रिजचं खोकं. मुलाने मला कटरने कापलं, तीन फळ्या केल्या, कापडी पट्टीने जोडल्या. टेबलावर उभा केला की मी कोन करून उभा राहतो. बाहेरच्या अंगाला त्याने जांभळं आभाळ रंगवलं, दोन चंद्र, आणि मधोमध एक काळा डोंगर. आतल्या अंगाला सगळी गुपितं लिहिली.

माझं काम झाकण्याचं. टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ असतो. एकजण जग रचतो, तो सूत्रधार. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात, फासे टाकतात आणि काय करायचं ते स्वतः ठरवतात. एकच खेळ महिनोन्महिने चालू शकतो. सूत्रधार माझ्या मागे बसतो. मागे खुर्ची एकच असते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, कारण तो लिहावा लागेल असं कुणाला वाटलंच नाही.

मुलाने कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. सर आल्यागेल्याला सांगत, "आमच्या चिरंजीवांनी चार वर्षांचं शिक्षण दोन वर्षांत उरकलं." पाहुणा "वा!" म्हणाला की सर थोडं थांबत आणि म्हणत, "म्हणजे पुढची दोन केलीच नाहीत." मग हसत. एकटेच.

मुलगा दुपारी खोलीचं दार लावून माझ्यावर जग उतरवत असे. तांब्याचा समुद्र. मंत्राने चालणारे पंप. रुसून बंद पडणारी यंत्रं आणि त्यांची समजूत काढणारे मिस्त्री. काळ्या डोंगराची गुणगुण. तो लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. मला सगळं पाठ झालं होतं. पण खेळणारे समुद्राकडे जातील की डोंगराकडे, मिस्त्र्याशी भांडतील की मैत्री करतील, हे माझ्यावर कुठेच नव्हतं. तेच बघायला मी जीव टाकत होतो.

एकदा सर चहाचा कप घेऊन आत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"दोन चंद्र? मग भरतीचं काय?"

"समुद्र तांब्याचा आहे, बाबा."

"वितळलेला? काठावर माणसं जगतात कशी मग?"

मुलाने मान वर केली. कॉलेज सुटल्यापासून सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "पुढे काय?" त्यामुळे हा दुसरा प्रश्न ऐकून तो इतका खूश झाला की त्याने मला फिरवलं आणि आतली बाजू वडिलांना दाखवली. सर चष्मा वर करून वाचत बसले. चहा गार झाला. ते खरंच गुंगले होते, हे मी नाकारत नाही. मुलगा म्हणाला, "हे एक तरी मी शेवटपर्यंत नेणार." सर "हं" म्हणाले. त्यांच्याकडून "हं" म्हणजे पुष्कळ.

मग तो रविवार आला. तीन मित्र आले: दवाखान्यातली नर्स, मोबाइल दुरुस्त करणारा, आणि बेकरीत कामाला असलेला लंबू. तिघंही सरांचे जुने विद्यार्थी. मला टेबलावर उभं केलं, फासे आले, वेफर्स आले. आणि माझ्या मागे सरांनी दुसरी खुर्ची ओढली.

"बाबा, इथे सूत्रधार एकटाच बसतो."

"मग मी काय विद्यार्थ्यांत बसू? मी नुसता ऐकतो. बोलत नाही काही."

हे वाक्य उच्चारणारा माणूस कधी गप्प बसल्याचं मला माहीत नाही.

तिघं ताठ बसले. वाटाड्याचं पात्र घेतलेल्या लंबूने तर हात वर केला. "सर, माझा वाटाड्या दार उघडतो. उघडू का?"

"मला विचार," मुलगा म्हणाला. "उघड."

हळूहळू तिघं सैलावले. मिस्त्र्याला बोलण्यात गुंडाळून त्यांनी नाव मिळवली. लंबूचा फासा वाईट पडला तेव्हा नर्स म्हणाली, "याला नावेत बसवू नका, हा बुडवेल आपल्याला." मग मुलाने गळ्यातून खोल आवाज काढला. डोंगराची गुणगुण. "ही तुम्हा तिघांनाच ऐकू येते. गावात कुणालाच नाही."

नर्सचा हात वेफर्सवरच थांबला. "फक्त आपल्याला? का?"

"आपण जादूगारांची पोरं असणार," मोबाइलवाला पुढे सरकला.

"नाहीतर तिघांचेही कान तपासायला हवेत," नर्स म्हणाली.

मुलगा नुसता हसला. सूत्रधाराचं अर्धं कसब या गप्प बसण्यात असतं. मीही श्वास रोखला. पुठ्ठ्याला जेवढा रोखता येतो तेवढा.

"चूक," सर म्हणाले.

"बाबा—"

"दोघंही चूक. गुणगुण त्यालाच जाणवते ज्याचं कंपन तिच्याशी जुळतं. अनुनाद! शिकवलाय ना मी?" आणि माझ्या आतल्या अंगावर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "डोंगर म्हणजे यान आहे. आणि तुम्ही तिघं माणसं नाहीच. त्याचे सुटे भाग आहात."

मग नर्सने मुलाकडे बघत विचारलं, "हे आम्हाला कधी कळणार होतं?"

"शेवटी."

"शेवटी म्हणजे?"

"पुढच्या हिवाळ्यात वगैरे."

"मग चांगलं झालं की," सर म्हणाले. "वेळ वाचला."

खेळ थोडा वेळ रेटला. लंबूच्या वाटाड्याने तांब्याच्या समुद्रात उडी घेतली. "मला काय होतंय? मी तर यंत्रच." कुणी हसलं नाही. मोबाइलवाल्याला फोन आला. "पुढच्या रविवारी बघू," म्हणत तिघं उठले. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मुलगा आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. त्याने मला घडी घालताना एवढंच विचारलं, "राहवलं नाही का तुम्हाला?"

"चूक उत्तर तसंच कसं सोडायचं?" सरांना खरोखरच कोडं पडलं होतं. जन्मभर तास संपायच्या आत फळ्यावर बरोबर उत्तर लिहिणारा माणूस. चुकीचं उत्तर वर्गात थोडं हिंडू दिलं तर ते कुठे पोचतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. मला मात्र अजून वाटतं, ती तिघं जादूगारांच्या शोधात निघाली असती तर कुठे पोचली असती?

आता मी गॅलरीत वॉशिंग मशीनवर ऊन येऊ नये म्हणून उभा आहे. सरांचीच कल्पना. जांभळं आभाळ विटलंय. येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्यांना माझी एकच विनंती: पोरं चुकीचा अंदाज बांधत असतील, तर तोंडात चहा धरून ठेवा. गिळू नका, बोलू नका.

मुलगा कपडे वाळत घालायला येतो, माझ्याकडे बघत नाही. ते तीन मित्र या घरी पुन्हा आले नाहीत, आणि त्याने दुसरं जग रचायला घेतलं नाही.