चौकीचा फोन

आमच्या चौकीत माणूस एकच, हवालदार, म्हणजे आमचे हे. गावं अठ्ठावीस, जीप एक, आणि तीही दोघांनी ढकलल्याशिवाय जागची हलत नाही. हे गस्तीवर गेले की फोन मी उचलायचा, असं कुणी ठरवलं नव्हतं. चौकीच्या मागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहतो. बारा वर्षांपूर्वी एकदा हात पुसत धावले, ती अजून धावतेच आहे. हरवलेली म्हैस, कुंपणावरून जुंपलेली भांडणं, वळणावर उलटलेला ट्रक, सगळं लिहून घ्यायचं आणि ह्यांना वायरलेसवर कळवायचं.

यंदा ह्यांच्या गुडघ्यानं हात टेकले. ऑपरेशन लांबवलंत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण रजा मागितली की मुख्यालयाचं उत्तर ठरलेलं, बदली माणूस नाही. दुसरा शिपाई द्या म्हटलं, तर कागद आला: ‘आपल्या चौकीचा फोन कधीही अनुत्तरित राहिलेला नाही. सबब एक कर्मचारी पुरेसा आहे.’ वाचून माझं डोकंच फिरलं. म्हणजे ह्यांच्या गुडघ्याच्या आड मीच आले होते!

ह्यांनी पुन्हा अर्ज केला. तेव्हा असं ठरलं की आठवडाभर मुख्यालयातूनच अधूनमधून फोन करून पाहायचं, उचलला जात नसेल तर शिपाई द्यायचा.

“एवढा आठवडा उचलू नकोस,” हे म्हणाले.

“आणि दुसऱ्या कुणाचा असला तर?”

हे गुडघ्याला पट्टा बांधत राहिले.

सोमवार, मंगळवार कसेबसे काढले. फोन वाजला की मी मागच्या दारी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. बुधवारी दुपारी तो वाजला, थांबला, परत वाजला. मला मास्तरीणबाई आठवल्या. त्यांच्या यजमानांना हल्ली स्वतःचं घर आठवत नाही. मागच्या महिन्यात ते खाणीच्या काठावर सापडले, तेही बाईंनी वेळेवर फोन केला म्हणून. मला राहवेना. ऑपरेशन गेलं खड्ड्यात, म्हटलं, आणि उचलला.

“मुख्यालयातून बोलतोय. कोण आपण?”

मी सांगून टाकलं, “हवालदारांची बायको.”

“हुद्दा?”

“हुद्दा कसला! बारा वर्षं मीच उचलते.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “तुमचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत नाही, बाई. म्हणजे फोन कुणी उचललेला नाही. तसंच लिहितो.”

आणि ठेवून दिला.

संध्याकाळी हे परतल्यावर सांगितलं, तर हे खुर्चीतच उडाले. “अगं, मग काम झालं की आपलं! शिपाई मिळणार!”

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पाय वाचणार होता. पण त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जाईना. बारा वर्षं, आणि कुणी उचललेला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हीच उचला,” मी म्हणाले. “मी इथे नाहीच.”

ह्यांचं हसू मावळलं. टेबलाला धरून हे उठले, लंगडत गेले आणि फोन उचलला. मास्तरीणबाईंचा होता. त्यांचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला.

“ताई नाहीत का हो?”

हे माझ्याकडे वळले.

“आहेत,” हे म्हणाले. “इथेच आहेत.” आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.