गारगोटीचं रबर

"दगडातून रबर काढणार म्हणे!" चिंचवडात दोन वर्षं आमची हीच टिंगल. अहो, काढतच होतो! गारगोटीतून सिलिकॉन, सिलिकॉनवर वायू सोडून एक उग्र द्रव, आणि त्या द्रवापासून इंजिनाच्या धगीतही टिकणारं रबर. सगळं बसवलेलं डॉक्टर मुकुंद साहेबांनी, राबणारी केमिस्ट मी, पद्मजा. आणि दर वेळी मेला घोळ एकच, पाणी. पाणी आम्ही मोजून घालायचं, तेही शेवटी. त्याआधी थेंब जरी लागला तरी धूर, आणि रबराऐवजी नुसती खळ.

शेडचे मालक यशवंतराव शेवटी कावले. "या खंडेनवमीचा घाणा बिघडला, तर शेड चाकणच्या कांदेवाल्याला देणार. मग रडायचं न्हाई."

म्हणून मी द्रव सोडायचं पातेलं गरम हवेनं खडखडीत वाळवलं आणि सगळ्यांना तंबी दिली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा चुकायची नाही, पण पाण्याचा तांब्या आत दिसला तर तंगडी मोडेन! आमच्या हरकाम्या सोनबानं तर हळदकुंकूही कोरडंच वाहिलं. "ताई, फुलंबी झटकून आणल्यात बघा," म्हणाला. मला भरून आलं.

मी बाहेर जाऊन द्रवाचा कॉक सोडला. अर्ध्या मिनिटात पांढरा धूर! माणसं खोकत, नाकाला पदर-रुमाल लावत बाहेर पळाली. धूर विरल्यावर पाहते, तर पातेल्यात खळ.

"सोनबा! काय केलंस रे?" मी किंचाळले.

"म्या न्हाई ताई, आईशप्पत."

तेवढ्यात पातेल्याच्या तोंडाशी फुटलेला नारळ दिसला. मुकुंद साहेब चष्मा पुसत होते.

"अगं, मुहूर्ताचा घाणा. नारळ वाढवल्याशिवाय कसं? काठावरच फोडला. दोन थेंब गेले असतील आत."

दोन थेंब! पाणी म्हणजे विष, हे मला शिकवलं कोणी? याच माणसानं! एवढी डॉक्टरेट मिळवली, ती काय चुलीत घालायला? संतापानं मला रडूच फुटलं. यशवंतरावांनी वर चढून स्वतःच कंपनीची पाटी उतरवली.

सोनबानं गुपचूप माझ्या हातावर प्रसाद ठेवला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? रडत रडतच खाल्लं मी ते खोबरं. आणि गोड किती होतं, मेलं!